दूध पचणं आणि दूध पिणं : प्रकल्प नोंदी

४ जून

काम ठरलं. जगाचा एक नकाशा, एक तक्ता आणि सोबत तीन-चार पानांचा मजकूर. विषय असा: मोठेपणी दूध कुणाला पचतं, कुणाला नाही, आणि याचा दूध पिण्याच्या सवयीशी कितपत संबंध आहे. आकडे आणि मजकूर माझ्याकडे, नकाशा आमच्या आरेखनकाराकडे. पोटविकार बघणाऱ्या एक डॉक्टरबाई शेवटी सगळं वाचून देणार आहेत.

आरेखनकाराची पहिली मागणी आजच आली. "ताई, मला प्रत्येक देशाला एक आकडा द्या, रंगांचं मी बघतो." एक आकडा द्यायला हरकत नाही, पण तो कशाचा? रक्तातल्या डीएनएचा, श्वासातल्या हायड्रोजनचा, पोटात गुडगुडतं असं सांगणाऱ्यांचा, की विकल्या गेलेल्या दुधाचा? आत्तापर्यंत चाळलेल्या बऱ्याच तक्त्यांत हे चारही एकाच रकान्यात कोंबलेले दिसतात.

६ जून

पायाभूत मजकूर लिहून झाला. लांबण लावली नाही.

लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. ही जोडी फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. ती फोडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे लॅक्टेज, ते लहान आतड्याच्या अस्तरावर असतं. सस्तन प्राण्यांमध्ये अंगावरचं दूध सुटलं की हे विकर कमी होत जातं, आणि बहुसंख्य माणसांचंही तसंच होतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्याचा अंदाज असा की सुमारे ६८ टक्के लोकांमध्ये लॅक्टोज पूर्ण पचत नाही. म्हणजे दूध न पचणं हा बिघाड नव्हे, तोच मूळ नियम आहे. ज्यांचं विकर आयुष्यभर टिकतं ते अपवाद, आणि शोधायचं आहे ते या अपवादाचं कारण.

एक चौकट वेगळी ठेवली: जन्मजात लॅक्टेज-अभाव. यात विकराचं जनुकच मोडलेलं असतं आणि बाळाला पहिल्या दिवसापासून आईचं दूधही सोसत नाही. फिनलंडमध्ये साधारण ६०,००० जन्मांमागे एक, इतरत्र त्याहून विरळ. याचा आपल्या नकाशाशी संबंध नाही, पण वाचक दोन्हींची गल्लत करतात म्हणून चौकट हवी.

९ जून

इतिहासाचा परिच्छेद. १९६५ पर्यंत युरोप-अमेरिकेतल्या वैद्यकात प्रौढाला दूध पचणं गृहीतच धरलेलं होतं. त्या सुमारास बाल्टिमोरमधल्या डॉक्टरांनी आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासले आणि कृष्णवर्णीय व गोऱ्या अमेरिकनांमध्ये लॅक्टेजच्या प्रमाणात मोठा फरक आहे हे दाखवलं. १९७३ मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून हा गुण वारशाने येतो आणि टिकण्याची बाजू प्रभावी असते, हे स्पष्ट झालं. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून 'टिकाऊ' प्रत मिळाली तरी भागतं.

नेमकी जागा सापडायला मात्र २००२ उजाडलं. नाबिल एनात्ताह, लीना पेल्टोनेन, इर्मा यार्वेला आणि सहकाऱ्यांनी फिनिश कुटुंबांत माग काढत ती शोधली. गंमत अशी की ती लॅक्टेजच्या जनुकात नाहीच. ती आहे शेजारच्या एमसीएम६ नावाच्या जनुकाच्या १३व्या इंट्रॉनमध्ये (जनुकातला, प्रथिन बनताना गाळला जाणारा तुकडा), लॅक्टेज जनुकाच्या सुरुवातीपासून डीएनएची १३,९१० अक्षरं मागे. एमसीएम६चं स्वतःचं काम डीएनएची नक्कल होताना लागणाऱ्या एका प्रथिनाचं, त्याचा दुधाशी काडीचा संबंध नाही. पण त्याच्या पोटात लॅक्टेजचा खटका बसलेला आहे. तिथे 'सी' असेल तर विकर वयानुसार मावळतं, 'टी' असेल तर टिकतं.

१० जून

खटक्याबद्दल आणखी. ही जागा म्हणजे एक वर्धक तुकडा. त्यावर काही प्रथिनं येऊन बसतात आणि दूरवरच्या जनुकाला चालू ठेवतात. 'टी' असलेल्या तुकड्याला ओसीटी-१ नावाचं प्रथिन जास्त घट्ट चिकटतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. 'सी' असलेल्यांमध्ये वय वाढतं तसं या भागावर मिथाइल गट चढत जातात आणि जनुक हळूहळू झाकलं जातं. विकर एका रात्रीत का बंद होत नाही, वर्षानुवर्षं का उतरत जातं, याचं उत्तर बहुधा इथे आहे. 'बहुधा' हा शब्द मजकुरात राहू दे. संपादकाने काढला तर परत घालीन.

१३ जून

आज आकड्यांना हात घातला. '१००० जिनोम्स' (जिनोम म्हणजे माणसाचा सगळा डीएनए) प्रकल्पाचा तिसरा टप्पा: २६ जनसमूह, २,५०४ माणसं, सगळी माहिती खुली. हवी असलेली जागा: दुसरं गुणसूत्र, नोंद क्रमांक आरएस४९८८२३५, जीआरसीएच३८ या संदर्भ-आवृत्तीत स्थान १३,५८,५१,०७६.

पुढे कुणी ही फाइल उघडली तर त्याच्यासाठी: लॅक्टेज जनुक उलट्या धाग्यावर वाचलं जातं. शोधनिबंधांत 'सी'चा 'टी' झाला असं लिहितात, फाइलमध्ये मात्र समोरच्या धाग्यावरची जोडीची अक्षरं असतात, म्हणून तोच बदल 'जी'चा 'ए' असा दिसतो. म्हणजे 'ए' मोजायचे. संदर्भ जिनोममध्ये इथे 'जी' आहे, म्हणजेच न टिकणारी प्रत.

मोजलं. उत्तर व पश्चिम युरोपीय मूळ असलेल्या, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या गटात 'टी'चं प्रमाण सुमारे ०.७४. फिनलंड ०.५९. स्पेनचा गट निम्म्याच्या जरा खाली. इटलीतला टोस्कानी ०.०९. पूर्व आशियाच्या गटांत जवळजवळ शून्य, नायजेरियाच्या योरुबांमध्ये शून्य.

आता यावरून माणसं किती? एक प्रत पुरते, त्यामुळे ज्यांच्या दोन्ही प्रती 'सी' आहेत तेवढेच वजा करायचे. फिनलंड: 'सी' ०.४१, त्याचा वर्ग ०.१६८. म्हणजे १७ टक्के लोकांचं विकर टिकत नसणार. आणि सत्तरच्या दशकात फिनलंडमध्ये लॅक्टोज पाजून, रक्त तपासून जो आकडा आला होता तो याच घरातला, १७ टक्क्यांच्या आसपास. डीएनएचा आकडा आणि पोटाचा आकडा इतका नीट जुळलेला बघून बरं वाटलं. टोस्कानीचा हिशेब केला तर 'सी' ०.९१, वर्ग ०.८३, म्हणजे पचवू शकणारे १७ टक्के. एकाच खंडात एका टोकाला १७ टक्क्यांना पचत नाही आणि दुसऱ्या टोकाला १७ टक्क्यांनाच पचतं.

आरेखनकाराला हे फार आवडलं. "मग हाच आकडा घेऊया की सगळीकडे!" थांब म्हटलं, आफ्रिका यायची आहे.

१७ जून

आफ्रिका. 'टी'वर भिस्त ठेवली तर केनिया, टांझानिया, सुदान, अरबस्तान इथले पशुपालक 'न पचवणारे' ठरतात. प्रत्यक्षात ते पिढ्यान्‌पिढ्या दुधावर वाढलेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते व्यवस्थित पचतं.

सारा टिशकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या कोड्याची उकल केली. टांझानिया, केनिया आणि सुदानमधल्या ४७० जणांना लॅक्टोज देऊन रक्तातली साखर मोजली आणि त्याच तुकड्याची अक्षरं वाचली. तीन वेगळे बदल सापडले: −१४०१० ला, −१३९१५ ला आणि −१३९०७ ला (वजा म्हणजे लॅक्टेज जनुकाच्या सुरुवातीपासून तेवढी अक्षरं मागे; आधीच्या 'टी'ची जागा −१३९१०). पहिला मुख्यतः केनिया-टांझानियात. −१३९१५चा बदल अरबस्तानात भरपूर आढळतो आणि त्याचा संबंध उंटपालनाशी जोडला जातो. इथियोपियात तर −१४००९ धरून यांतले अनेक बदल एकाच लोकसमूहात शेजारी-शेजारी नांदतात.

हे अंतर कागदावर मोजून बघावं असं आहे. −१३९०७ पासून −१४०१० पर्यंत १०३ अक्षरं. तीन अब्ज अक्षरांच्या जिनोममध्ये शंभरेक अक्षरांच्या या एवढ्याशा पट्टीवर युरोप, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका यांनी स्वतंत्रपणे आपापला खटका दाबून ठेवला. समांतर उत्क्रांतीचं माणसातलं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या वाचनात नाही.

दक्षिण आशियाचं चित्र वेगळं. २०१२ च्या एका अभ्यासात भारतातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने होते. तिथे टिकाऊपणाचा जवळपास सगळा भार त्याच −१३९१० 'टी'वर आहे, आजूबाजूचा डीएनएसुद्धा युरोपीय प्रतीशी जुळतो, म्हणजे दोन्हींचा पूर्वज एक. प्रमाण वायव्येकडे जास्त, आग्नेयेकडे उतरत जाणारं. म्हणजे या भागाला एकच आकडा, एकच रंग देणं शुद्ध फसवणूक ठरेल.

१८ जून

कालच्या नोंदीला पुरवणी. '१००० जिनोम्स'मध्ये मसाई (केनिया-टांझानियातले पशुपालक) नाहीत, अरबस्तानातलं कुणी नाही. त्यामुळे तिथले बदल या माहितीत दिसले नाहीत यावरून ते जगात दुर्मीळ आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. तक्त्यात 'शून्य' आणि 'मोजलं नाही' या दोन वेगळ्या खुणा हव्यात. आरेखनकार कुरकुरला, पण मान्य केलं.

याच कारणाने घरपोच मिळणाऱ्या जनुक-चाचण्यांबद्दल एक परिच्छेद घातला. त्यांतल्या काही फक्त −१३९१० बघतात. पूर्व आफ्रिकी किंवा अरब वंशाच्या माणसाला अशी चाचणी 'तुम्हाला दूध पचत नाही' असं बेधडक सांगू शकते, तो रोज लोटाभर पीत असला तरी.

२३ जून

डॉक्टरबाईंशी फोन. श्वास-चाचणीचं त्यांनी नीट समजावलं. उपाशीपोटी साधारण २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात. गाईच्या दुधात ते पाच टक्क्यांच्या जरा खाली असतं, म्हणजे अर्ध्या लिटर दुधाएवढं झालं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, हायड्रोजन निघतो, रक्तात शिरतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. सुरुवातीच्या पातळीपेक्षा दहा लाखांत २० भागांनी वाढला तर चाचणी सकारात्मक. फक्त काहींच्या आतड्यात हायड्रोजन खाऊन मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव असतात. त्यांचा हायड्रोजन वाढलेला दिसतच नाही. नुकतीच प्रतिजैविकं घेतलेल्यांचंही चित्र बिघडतं.

मग त्या म्हणाल्या, "आणि हे बघा, चाचणी सकारात्मक आलेल्यांपैकी कितीतरी जणांना पोटाचा काहीच त्रास होत नसतो. आणि माझ्याकडे 'दूध सोसत नाही' म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची चाचणी स्वच्छ येते. तुमच्या तक्त्यात या दोघांना कुठे बसवणार?"

बसवायला जागा नव्हती. म्हणून तक्त्याचे रकाने आजपासून अधिकृतपणे चार: जनुक, विकर, त्रास, सवय. कुठल्याही रकान्यातून शेजारच्या रकान्याचा आकडा काढायचा नाही.

२५ जून

'त्रास' या रकान्यासाठी एक सुंदर जुना प्रयोग सापडला. १९९५, सुआरेझ, सॅव्हियानो आणि लेव्हिट. ३० माणसं, सगळी ठामपणे सांगणारी की थोडंही दूध चाललं तरी पोट बिघडतं. एक आठवडा त्यांना रोज २४० मिलिलिटर साधं दूध, एक आठवडा तेवढंच लॅक्टोज आधीच फोडलेलं दूध. कुठलं कधी, हे ना त्यांना ठाऊक ना मोजणाऱ्यांना. चव ओळखू येऊ नये म्हणून साध्या दुधालाही गोडी आणली होती, कारण लॅक्टोज फुटलं की दूध गोड लागतं. निकाल: दोन्ही आठवड्यांत त्रास अगदी किरकोळ आणि फरक जवळपास नाहीच.

त्यांचा त्रास खोटा होता असा याचा अर्थ नाही. पोट दुखतच असतं, पण दर वेळी दोषी लॅक्टोजच असतं असं नाही. आणि प्रमाणाला महत्त्व आहे. एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दुधाइतकं लॅक्टोज, विकर नसलेल्यांपैकी बहुतेकांना निभतं. जेवणासोबत घेतलं तर आणखी बरं. दह्यातले जिवाणू आपलंच विकर घेऊन येतात, आणि मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरतच नाही.

३० जून

आता 'सवय'. हाच रकाना सगळ्यात खोडकर.

मंगोलिया: पाचेक हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांच्या दातांवरच्या कीटणात दुधाची प्रथिनं सापडली आहेत. आजही तिथे दुधाचे पदार्थ भरपूर खाल्ले जातात. टिकाऊ प्रत मात्र अगदी थोड्यांकडे. इथियोपियातल्या सोमाली उंटपालकांची गोष्ट तशीच: दूध हा रोजचा मोठा आहार, पण लॅक्टोज पचवणारे अल्पसंख्य. मोठ्या आतड्यातले जिवाणू सरावतात, असं यावरचं एक उत्तर. रोज लॅक्टोज घेत राहिलं तर काही दिवसांत हायड्रोजन कमी सुटू लागतो, हे प्रयोगांनी दाखवलंय. विकर न टिकणाऱ्यांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम जास्त असतात, हेही अनेक मोठ्या अभ्यासांत दिसतं. जणू मालकाने सोडलेलं काम भाडेकरूंनी उचललं.

उलट बाजूला यूके बायोबँक, म्हणजे आरोग्य आणि जनुकांच्या माहितीचा साठा, सुमारे पाच लाख ब्रिटिश माणसं. तिथे ज्यांच्या दोन्ही प्रती 'सी' आहेत तेही बहुतेक सगळे दूध पितातच. जिनोटाइप (कुणाकडे कुठल्या दोन प्रती आहेत ते) बघून माणूस दूध पितो की नाही हे सांगायला गेलं तर फार थोडं हाती लागतं.

२ जुलै

मग प्रश्न राहतो तो असा: सवयीशी इतका ढिला संबंध असलेलं हे अक्षर युरोपात इतक्या झपाट्याने पसरलं कसं? त्याच्याभोवतीचा दहा लाखांहून अधिक अक्षरांचा पट्टा अखंड राहिलाय. म्हणजे फेरबदल होऊन तो तुटायला वेळच मिळालेला नाही, निवड अलीकडची आणि जोरदार आहे. २००४ च्या एका अभ्यासात स्कँडिनेव्हियातला फायदा दर पिढीला ९ ते १९ टक्के काढला होता. माणसाच्या जिनोममध्ये असा आकडा क्वचितच दिसतो.

शाळकरी उत्तर सोपं आहे: माणसाने गुरं पाळली, दूध पिऊ लागला, ज्यांना पचलं ते टिकले. पण कालक्रम बसत नाही. वायव्य अनातोलियात इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकातल्या खापऱ्यांत दुधाची चरबी मुरलेली आहे. पोलंडमधली सहाव्या सहस्रकातली भोकं पाडलेली भांडी चीज गाळायची होती, हेही चरबीवरूनच कळलं. युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांत मात्र 'टी' सापडत नाही. आल्प्समधला बर्फमानव ओएट्झी, ५,३०० वर्षांपूर्वीचा, त्याच्याकडेही नाही. उत्तर जर्मनीत टोलेन्स नदीकाठी इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास लढाईत पडलेल्यांपैकी आठांत एखाद्यालाच दूध पचत असावं. आज त्याच भागात प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात आहे.

हजारो वर्षं लोक दूध वापरत होते आणि जनुक जागचं हललं नव्हतं.

२०२२ मध्ये रिचर्ड एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी ५५४ उत्खननस्थळांवरच्या १३ हजारांवर खापऱ्यांचा हिशेब मांडला. दुधाचा वापर किती होता यावरून 'टी'ची चढण समजत नाही. लोकसंख्या कोसळण्याचे काळ आणि दाट वस्ती या खुणा धरल्या तर जास्त चांगली समजते. त्यांचं म्हणणं असं: धडधाकट माणसाला न पचलेल्या दुधाने गॅस होतात, एखादवेळी जुलाब होतात, विषय संपला. तेच जुलाब दुष्काळात खंगलेल्या किंवा साथीत आधीच पाणी गमावलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतात. म्हणजे निवडीचा वरवंटा रोज फिरत नव्हता, वाईट वर्षांत फिरत होता. मला हे पटतं, निदान कालक्रमाशी तरी जुळतं. पण दुष्काळ आणि साथ यांतलं कुणाचं वजन जास्त, हे एवढ्या पुराव्यावर वेगळं काढता येत नाही, तेव्हा मजकुरात दोन्ही राहतील. कॅल्शियमचं आणि कमी उन्हाचं (कमी उन्हाच्या प्रदेशात दुधातून कॅल्शियम मिळणं फायद्याचं ठरलं, असं) १९७३ पासून चालत आलेलं उत्तर एका वाक्यात उरकलं. उत्तर युरोपापुरतं ते कदाचित चालेल, सुदानच्या उन्हात नाही.

५ जुलै

आरेखनकाराने विचारलं, दूध पचवणारे उंच असतात असा एक आलेख टाकू का? नको. २००५ मध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांमध्ये लॅक्टेजची ही जागा उंचीशी ठळकपणे जोडलेली दिसली. आजोबा-आजी युरोपच्या कुठल्या भागातले, हे हिशेबात घेतल्यावर तो संबंध बहुतांश विरघळला. उत्तरेकडचे लोक उंचही आहेत आणि त्यांच्यात 'टी'ही जास्त आहे, एवढाच मामला होता. लॅक्टेज जनुक आणि दुसरं काहीही यांचा आलेख काढायचा मोह झाला की आधी हे आठवावं.

९ जुलै

डॉक्टरबाईंचे शेरे आले. बहुतेक किरकोळ. एक मोठा: 'विकर' या रकान्यात श्वास-चाचणी आणि रक्तशर्करा-चाचणी यांचे आकडे मिसळू नका, दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या. रकाना आतून दुभंगला.

नकाशाचं शेवटी असं ठरलं. रंग फक्त 'जनुक' रकान्याचा, आणि त्यात −१३९१० बरोबर आफ्रिकी-अरबी बदलही धरलेले. देशांच्या सीमा भरायच्या नाहीत, जिथले नमुने आहेत तिथे ठिपके, आणि ठिपक्याचा आकार नमुन्यातल्या माणसांइतका. फिनलंडचा ठिपका ९९ जणांचा आहे, तो तेवढाच दिसला पाहिजे. मोजलं नाही तिथे कोरं.

आरेखनकार म्हणाला, "ताई, अर्धं जग कोरं दिसतंय." दिसू दे.

११ जुलै

नकाशाखालची ओळ पक्की: "ठिपके विकर टिकवणाऱ्या जनुकीय बदलांचं प्रमाण दाखवतात. यावरून कोण दूध पितं किंवा कुणाला त्रास होतो हे कळत नाही, त्यासाठी तक्त्याचे रकाने ३ आणि ४ पाहा." फाइल छपाईच्या आरेखनाला गेली. तक्त्यात अरबस्तानच्या दोन ओळी भरायच्या बाकी आहेत, त्या सोमवारी.